संगणक एडिटिंगसाठी घ्या, गेम त्यावर चालतीलच

बेंगळुरूच्या टाउन हॉलजवळ एस. पी. रोडवर, म्हणजे सदर पत्रप्पा रस्त्यावर, संगणक जुळवून घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला आधी बजेट विचारले जाते आणि लगेच ग्राफिक्स कार्ड कोणते हवे ते विचारले जाते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही क्रम हाच. कार्ड ठरले की उरलेल्या पैशांत प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट बसवायचे आणि कोटेशन तयार करायचे. साठ ते ऐंशी हजारांत ‘एडिटिंग आणि गेमिंग दोन्हींसाठी’ म्हणून विकला जाणारा संगणक बहुतेकदा असाच ठरतो. माझा आक्षेप या क्रमालाच आहे. व्हिडिओ एडिटिंगसाठी नीट निवडलेल्या संगणकावर गेम चांगले चालतात. गेमिंगसाठी निवडलेल्या संगणकावर एडिटिंग नीट होईलच, याची मात्र खात्री देता येत नाही. हाती पैसा मोजका असेल तर ही एकच गोष्ट धरून प्रत्येक भाग निवडायला हवा आणि कार्डाचा विचार सगळ्यात शेवटी करायला हवा.

हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आखणारे कर्नाटक हे देशातले पहिले राज्य. ते धोरण २०१२ चे. महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये याच क्षेत्राचे धोरण मंजूर केले. दोन्हीकडे रोजगाराची आश्वासने मोठी आहेत, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा जागतिक समूह कोसळला आणि त्याच्या बेंगळुरूतल्या स्टुडिओचे काम थांबले, तेव्हा नोकरी किती अचानक जाऊ शकते हेही दिसले. नोकरी गेली की स्टुडिओची महागडी यंत्रेही गेली. त्यानंतर हातात राहतो तो घरचा संगणक. बेळगाव, कोल्हापूर, सोलापूरकडून बेंगळुरूला शिकायला आलेली जी मुले लग्नाचे व्हिडिओ, यूट्यूबचे भाग किंवा क्लासची व्याख्याने कापून-जोडून खर्च भागवतात, त्यांचीही हीच स्थिती. आईवडिलांना तो संगणक गेम खेळायचा वाटतो, मुलाला तो कमाईचा वाटतो. दोघांचेही खरे असते, म्हणूनच त्यावर घातलेला पैसा आधी कमाईच्या बाजूने मोजला पाहिजे.

एडिटिंग करताना संगणकावर नेमका कशाचा ताण येतो हे कळले की पुढचा हिशेब सोपा होतो. मोबाइल किंवा कॅमेरा व्हिडिओची प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. एच.२६४ आणि एचईव्हीसी या दोन्ही पद्धतींत मधूनमधून एखादी फ्रेम पूर्ण असते. बाकीच्या फ्रेममध्ये शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदलले तेवढीच नोंद असते. फाइल लहान राहते ती यामुळेच. व्हिडिओ सरळ पाहताना काही अडत नाही, कारण फ्रेम क्रमाने उलगडत जातात. पण एडिटिंग करणारा सरळ पाहतच नाही. तो टाइमलाइनवर पुढे-मागे सरकतो, एकाच क्षणावर पुन्हा पुन्हा येतो, कट दोन फ्रेम अलीकडे घेऊन बघतो. अशा प्रत्येक उडीला संगणकाला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून सगळे नव्याने उलगडावे लागते. दोन-तीन कॅमेऱ्यांचे फुटेज एकावर एक लावले असेल तर हे काम तितक्या पटीने वाढते. प्रोसेसरच्या नेहमीच्या कोअरवर हा भार टाकला तर चांगला प्रोसेसरही दमतो. म्हणून चिपमध्ये फक्त व्हिडिओ उलगडण्यासाठी आणि पुन्हा बांधण्यासाठी एक वेगळा भाग दिलेला असतो. गेमला या भागाची गरजच पडत नाही. गेममधले चित्र त्या क्षणी नव्याने रंगवले जाते आणि ते काम ग्राफिक्स कार्डातले शेकडो, हजारो लहान कोअर करतात. त्यामुळे अमुक कार्डावर अमुक गेम इतक्या एफपीएसने चालतो, हा आकडा कितीही खरा असला तरी टाइमलाइन अडखळेल की नाही याबद्दल तो काहीच सांगत नाही. बजेट संगणकाच्या बहुतेक शिफारशी मात्र याच एका आकड्यावर उभ्या असतात.

याचा सर्वांत ठळक पुरावा एका अक्षरात आहे. इंटेलने जानेवारी २०२२ मध्ये कोअर आय५-१२४०० आणि कोअर आय५-१२४००एफ असे दोन प्रोसेसर बाजारात आणले. दोन्हींत सहा कोअर, बारा थ्रेड, वेगही तोच. शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स बंद असते. त्याबरोबरच व्हिडिओ उलगडणारा ‘क्विक सिंक’ नावाचा भागही जातो, जो इंटेल २०११ पासून आपल्या प्रोसेसरमध्ये देत आली आहे. इंटेलच्या जाहीर किमतीत दोहोंतला फरक २५ डॉलरचा होता. गेमिंगचा विचार करणारा म्हणतो, वेगळे कार्ड घेणारच आहोत तर आतल्या ग्राफिक्सचे काय काम. ‘एफ’ घेऊ आणि वाचलेले पैसे कार्डात घालू. गेमपुरता हा हिशेब बरोबर आहे. एडिटिंगच्या बाजूने तो फसतो, आणि कुठे फसतो ते एका कॅमेऱ्यावरून दाखवता येते. सोनीचा झेडव्ही-ई१० हा २०२१ चा कॅमेरा नवख्या यूट्यूबरांमध्ये लोकप्रिय आहे. तो ८ बिट, ४:२:० प्रकारचा व्हिडिओ देतो आणि तो कुठलेही बरे कार्ड सहज उलगडते. त्याचीच २०२४ मध्ये आलेली दुसरी आवृत्ती १० बिट, ४:२:२ व्हिडिओ देऊ शकते. या व्हिडिओत रंगांची माहिती जास्त असते, त्यामुळे नंतर रंग सुधारायला मोकळीक मिळते. आता या प्रकारचा एचईव्हीसी व्हिडिओ एनव्हीडियाच्या ३०६० किंवा ४०६० या कार्डांना हार्डवेअरमधून उलगडता येत नाही. त्यांची ही सोय २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेपासून सुरू झाली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला ते येते. म्हणजे १२४००एफ आणि ४०६० अशी जोडी घेतलेल्या मुलाने पुढच्या वर्षी कॅमेरा बदलला की त्याची टाइमलाइन अडखळू लागेल, आणि साध्या १२४०० वर त्याहून स्वस्त कार्ड लावलेल्या त्याच्या मित्राचे काम सुरळीत चालेल. त्या मुलाच्या गेमचा एफपीएस मित्रापेक्षा जास्त असेल, पण टाइमलाइनवर त्याचा उपयोग शून्य.

दुसरा पुरावा थेट कार्डाचाच. एएमडीने जानेवारी २०२२ मध्ये रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे स्वस्त कार्ड आणले. ग्राफिक्स कार्डांच्या टंचाईचा तो काळ होता आणि गेम खेळणाऱ्यांना परवडेल असे काहीतरी हवे होते. या कार्डात व्हिडिओ बांधणारा, म्हणजे एनकोड करणारा भागच नव्हता, आणि एव्ही१ प्रकारचा व्हिडिओ उलगडण्याचीही सोय नव्हती. मदरबोर्डाशी ते फक्त चार लेनने जोडले जात असल्याने जुन्या, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटवर त्याचा वेग आणखी घसरायचा. गेम खेळण्याचे कार्ड म्हणून त्यावर मतभेद होऊ शकतात, पण एडिटिंगवाल्याने ते घेतले असेल तर एक्सपोर्टचा सगळा भार प्रोसेसरवर पडला. विकले मात्र ते गेमिंगचे कार्ड म्हणूनच गेले. गेमिंगचे यंत्र आपोआप एडिटिंगचेही असते, या समजुतीला याहून स्वच्छ उत्तर नाही.

यावर जाणकार लगेच म्हणतील की दाविंची रिझॉल्व्हसारखे सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डावरच चालते. रंगसंस्कार आणि इफेक्ट्स सगळे तिथे होतात. मग कार्डाला शेवटची जागा कशी देता? आक्षेपात तथ्य आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. रिझॉल्व्ह खरोखरच कार्डावर विसंबून असते, प्रीमियर प्रोपेक्षा पुष्कळ जास्त. पण तिथेही आधी फुटेज उलगडावे लागते, मगच त्यावर रंग चढतो. दुसरे असे की, रिझॉल्व्हला कार्डाच्या वेगाइतकीच त्यावरच्या मेमरीची गरज असते. ४के टाइमलाइनवर ८ जीबी पुरते, पण दोन-तीन इफेक्ट एकावर एक आले की मेमरी संपल्याची सूचना येऊ लागते. म्हणून कार्ड निवडताना दोन पायऱ्या वरचे आणि ८ जीबीचे घेण्यापेक्षा एक पायरी खालचे आणि १२ किंवा १६ जीबीचे घ्यावे, असे माझे मत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेले इंटेलचे आर्क बी५८० हे १२ जीबीचे कार्ड या कसोटीला चांगले उतरते, कारण ते ४:२:२ एचईव्हीसी स्वतःच उलगडते. त्याच्यासोबत ‘एफ’ प्रोसेसर घेतला तरी बिघडत नाही. मात्र जुन्या प्रोसेसरवर ते मंदावते आणि त्याला मदरबोर्डात रिसायझेबल बार ही सोय चालू असावी लागते, म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वीच्या संगणकात नेऊन बसवायचे हे कार्ड नव्हे. जुने, पण १२ जीबीचे ३०६० हेही ८ बिट फुटेजवाल्यांना अजून उपयोगी आहे. खिशाला झेपत असेल तर ५०६० टीआय किंवा आरएक्स ९०६० एक्सटी यांच्या १६ जीबीच्या आवृत्त्या आहेत. या दोन्ही कार्डांच्या ८ जीबीच्या आवृत्त्याही त्याच नावाने विकल्या जातात, तेव्हा कोटेशनमध्ये मेमरीचा आकडा नसेल तर तो लिहून घ्यावा.

रॅमबद्दल एरवी चार ओळींत आटोपले असते. सध्या तसे आटोपता येत नाही. प्रीमियरसाठी अडोबीची शिफारस एचडी व्हिडिओला १६ जीबी आणि ४के ला ३२ जीबी किंवा अधिक अशी आहे. रिझॉल्व्हही किमान १६ जीबी मागते आणि त्यातला फ्यूजन हा भाग वापरायचा तर ३२. पण २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची प्रचंड मागणी आली आणि सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या तीनच मोठ्या उत्पादकांनी आपली क्षमता तिकडे वळवली. रॅमच्या किरकोळ किमती काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेल्या. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने किरकोळ ग्राहकांसाठीचा क्रुशल हा ब्रँडच बंद करण्याची घोषणा केली. अशा वेळी ‘आठ जीबी घ्या, पुढे वाढवा’ असा सल्ला सर्रास मिळेल. तो ऐकू नये. आठ जीबीवर विंडोज, ब्राउझर आणि एडिटिंगचे सॉफ्टवेअर एकत्र उघडले की संगणक एसएसडीवर जागा उधार घेऊ लागतो आणि मग वेगवान प्रोसेसरही निरुपयोगी ठरतो. सोळा ही खालची मर्यादा धरावी. डीडीआर४ चा चार खाचांचा मदरबोर्ड असेल तर आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्यात आणि दोन खाचा मोकळ्या ठेवाव्यात. डीडीआर५ वर चारही खाचा भरल्या की वेग खाली येतो, म्हणून तिथे सोळाची एकच पट्टी घेऊन दुसरी भाव उतरल्यावर जोडणे शहाणपणाचे. एका पट्टीमुळे गेमचा वेग काही महिने थोडा कमी राहील, आणि एडिटिंगला प्राधान्य द्यायचे ठरवल्यावर तेवढे सोसायला हरकत नसावी. पैसे कमी पडत असतील तर ते कार्डातून काढावेत, रॅममधून नव्हे.

साठवणीचे गणित फुटेजवरून मांडता येते. अ‍ॅपलच्या आकड्यांनुसार आयफोनवर ४के, ३० फ्रेमचा एचईव्हीसी व्हिडिओ मिनिटाला सुमारे १७० एमबी जागा घेतो. ६० फ्रेमचा ४०० एमबी. म्हणजे तासाभराच्या चित्रणाला दहा ते चोवीस जीबी. लग्नाचा एक दिवस, तीन कॅमेरे धरले तर ५१२ जीबीची एसएसडी विंडोज आणि दोन मोठे गेम टाकल्यावर लगेच भरते. एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी कामासाठी आणि जुन्या कामांच्या साठ्यासाठी साधी हार्ड डिस्क, ही जोडी अजूनही सर्वांत स्वस्त पडते. हार्ड डिस्कवर थेट एडिटिंग करू नये. पाचव्या पिढीच्या एसएसडीवर जादा पैसे घालण्याचेही कारण नाही. तो वेग या कामात जाणवत नाही.

ज्या दोन भागांवर सर्वाधिक काटकसर केली जाते त्यांच्याबद्दल मला सर्वांत आग्रहाने लिहायचे आहे: एसएमपीएस आणि मदरबोर्ड. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेले असते, पण तो भार सतत पेलण्याची हमी त्यामागे नसते. २००४ पासून ८० प्लस नावाचे कार्यक्षमतेचे मानांकन आहे. ब्रॉन्झ किंवा वरचे मानांकन आणि किमान तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असलेला नामांकित कंपनीचा एसएमपीएस घ्यावा. तो फार मोठा लागत नाही. १२४०० जास्तीत जास्त ११७ वॉट घेतो, ५०६० सारखे कार्ड १४५ वॉट, बी५८० सारखे १९०. बाकी सगळे मिळून पन्नासेक धरले तरी बेरीज तीनशे ते साडेतीनशेच्या आसपास राहते. साडेपाचशे वॉटचा चांगला एसएमपीएस आजचे यंत्र चालवून पुढच्या कार्डालाही पुरतो. साडेसातशेचा घ्यायला लावणारा दुकानदार तुमचे पैसे चुकीच्या जागी घालतो आहे, आणि बिननावाचा माथी मारणारा त्याहून वाईट करतो आहे, कारण एसएमपीएस जाताना कधी कधी मदरबोर्ड आणि डिस्कही सोबत नेतो. बेंगळुरूत उन्हाळ्यात आणि वळवाच्या पावसात वीज जाते, तेव्हा यूपीएसही यादीत धरावा लागतो. इथे एक चूक सर्रास होते. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. एडिटिंगला तो पुरेल, पण गेम चालू असताना मॉनिटरसह भार त्याच्या सीमेवर जातो आणि वीज गेल्याच्या क्षणीच यूपीएस मान टाकतो. एक हजार व्हीएचा घ्यावा. मदरबोर्डाबाबत माझे म्हणणे थोडक्यात असे: एच६१० प्रकारच्या स्वस्त बोर्डावर रॅमच्या दोनच खाचा आणि एनव्हीएमईची बहुधा एकच जागा असते, बी६६० किंवा बी७६० वर थोडे जास्त दिले की चार खाचा, दोन एनव्हीएमई आणि वरच्या प्रोसेसरला पेलेल असा वीजपुरवठा मिळतो. लिक्विड कूलर मात्र या यादीतून बिनदिक्कत काढून टाकावा. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवरच्या या तुलनेने थंड शहरात १२४०० च्या खोक्यात येणारा पंखा पुरतो.

१२४०० ची बारावी पिढी आता जुनी झाली, हा प्लॅटफॉर्म पुढे जाणार नाही, हा आक्षेपही रास्त आहे. एएमडीचा एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आला आणि त्यावर २०२७ आणि पुढेही नवे प्रोसेसर देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. ज्याचे बजेट नव्वद हजारांच्या पुढे जाते आणि ज्याचे फुटेज मोबाइलचे किंवा ८ बिट कॅमेऱ्याचे आहे त्याने रायझन ७६०० घ्यावा. त्यात लहानसे अंतर्गत ग्राफिक्सही आहे. पण साठ-सत्तर हजारांत एएम५ चा बोर्ड आणि डीडीआर५ रॅम घेतली की सोळाचे आठ जीबी होतात, एसएसडी अर्धी होते, आणि भविष्याच्या नावाखाली आजचे काम अडते. शिवाय १२४०० च्या बोर्डावर तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात. त्या पिढ्यांच्या वरच्या प्रोसेसरमध्ये अस्थिरतेचा दोष निघाला होता आणि इंटेलने २०२४ मध्ये त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बाराव्या पिढीला त्या दोषाची झळ लागली नाही.

आता गेमकडे येऊ, कारण अशा यंत्रावर गेम खरेच चालतील का, हा मुलांचा प्रश्न टाळता येणार नाही. व्हॅलोरंट १४४ एफपीएसने चालवायला त्याच्या निर्मात्यांनीच जीटीएक्स १०५० टीआय सुचवले आहे, म्हणजे २०१६ चे कार्ड. सायबरपंक २०७७ सारखा जड गेम १०८०पी वर वरच्या सेटिंगला खेळण्यासाठी शिफारस आरटीएक्स २०६० सुपरची, म्हणजे २०१९ च्या कार्डाची आहे. स्टीमच्या मासिक पाहणीत निम्म्याहून अधिक खेळणारे आजही १०८०पी मॉनिटर वापरतात. वर सुचवलेले कुठलेही कार्ड या पातळीच्या वर आहे. कमी मिळेल ते टोकाचे: ४के गेमिंग, रे ट्रेसिंग सगळे चालू, २४० हर्ट्झ. साठ-ऐंशी हजारांत ते दुसऱ्या मार्गानेही मिळत नाही. उलट ज्या ‘आय७ गेमिंग पीसी’च्या जाहिराती वीस-पंचवीस हजारांत दिसतात त्यांत बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या पिढीचा जुना प्रोसेसर आणि ४ जीबीचे जीटी ७३० असते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० व सिक्युअर बूटशिवाय सुरूच होत नाही. तेव्हा अशा यंत्रावर एडिटिंग तर नाहीच, पण ज्यासाठी ते घेतले तो गेमही अडतो.

पीजीत राहणाऱ्या मुलाला डेस्कटॉप कशाला, गेमिंग लॅपटॉप का नको, असे पालक विचारतात. वर्षातून दोनदा खोली बदलणाऱ्याला लॅपटॉपच सोयीचा, हे मान्य. पण त्याच किमतीच्या लॅपटॉपमधले कार्ड नाव तेच असूनही डेस्कटॉपपेक्षा कमी विजेवर, म्हणून कमी वेगाने चालते. ते कधी बदलता येत नाही. आणि तासभराच्या एक्सपोर्टला तापून वेग आणखी कमी करते. याहून भक्कम प्रतिस्पर्धी अ‍ॅपलचा मॅक मिनी आहे. एम४ चा, १६ जीबी रॅमचा मॅक मिनी २०२४ मध्ये भारतात ५९,९०० रुपयांना आला. ४:२:२ फुटेज तो लीलया हाताळतो आणि वीज नगण्य खातो. फक्त एडिटिंगच करायचे असेल तर तोच घ्या, असे मी नि:संकोच सांगेन. व्हॅलोरंट त्यावर चालत नाही, विंडोजवरचे बहुतेक गेम चालत नाहीत, रॅम पुढे वाढत नाही, आणि मूळ २५६ जीबीची साठवण लगेच अपुरी पडते. दोन्ही कामे हवी असणाऱ्याला जुळवलेला संगणकच परवडतो.

राहिला खरेदीचा व्यवहार. संगणकाच्या बहुतांश सुट्या भागांवर मूळ सीमाशुल्क शून्य आहे, जीएसटी १८ टक्के. ‘बिल नको असेल तर एवढे कमी’ असे सुचवले गेले तर ती सवलत खरी नाही, कारण एसएसडीची पाच वर्षांची आणि प्रोसेसरची तीन वर्षांची वॉरंटी त्या बिलावर अवलंबून असते; एडिटिंगचा व्यवसाय करणाऱ्याची जीएसटी नोंदणी असेल तर भरलेला कर त्याला पुढे वळताही करून घेता येतो. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घ्यावा, कारण ट्रेमधल्या सुट्या प्रोसेसरवर इंटेल ग्राहकाला थेट वॉरंटी देत नाही. कोटेशनवर ‘१६ जीबी रॅम, ५५० वॉट एसएमपीएस, १२ जीबी कार्ड’ असे मोघम लिहिलेले असले तर पूर्ण मॉडेल क्रमांक मागावेत; प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ आहे का, रॅम एक पट्टी की दोन, एसएमपीएसची कंपनी कोणती, हे त्या कागदावरच दिसले पाहिजे. आणि पैसे देण्यापूर्वी आपल्या कॅमेऱ्याचे किंवा मोबाइलचे पाच मिनिटांचे खरे फुटेज पेन ड्राइव्हवर नेऊन, आपण रोज जे वापरणार त्याच सॉफ्टवेअरमध्ये, दुकानातल्या तशाच यंत्रावर पुढे-मागे सरकवून पाहावे. गेमचा बेंचमार्क दाखवायला दुकानात सगळे तयार असते. तेवढीच पाच मिनिटे टाइमलाइनसाठी मागण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे, आणि ज्या दुकानात ती मिळत नाहीत त्याच्या शेजारचे दुकान एस. पी. रोडवर दहा पावलांवर असते.